इंग्रजी अध्यापनविषयक संशोधन, दिल्ली परिसरातील

दिल्ली व लगतच्या प्रदेशात द्वितीय भाषा म्हणून इंग्रजीचे अध्ययन, अध्यापन व मूल्यमापन यांविषयी झालेले संशोधन.

एन.सी.ई.आर.टी. (स्थापना १९६१), दिल्ली विद्यापीठ, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ ही त्याची प्रमुख केंद्रे होत. मंडळाने १९९३ मध्ये नववी-दहावीसाठी संप्रेषणप्रधान अभ्यासक्रम आणला. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी व परकीय भाषा संस्थेने त्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास केला (पहा : संप्रेषणात्मक भाषाध्यापन).

बहुभाषिक वर्गाचा अभ्यास हा येथील सर्वांत लक्षणीय प्रवाह. भाषावैज्ञानिक रमाकांत अग्निहोत्री यांनी मुलांच्या घरच्या भाषा अडथळा नसून अध्यापनाचे साधन असल्याचे प्रतिपादिले. एकाच वर्गातील हिंदी, पंजाबी, भोजपुरी बोलणारी मुले आपापल्या भाषांतील अनेकवचने फळ्यावर मांडतात, त्यांतून नियम शोधतात आणि मग इंग्रजीकडे वळतात; व्याकरण पाठ करून घेण्याऐवजी निरीक्षणातून शिकवण्याची ही रीत आहे (पहा : बहुभाषिकता). अग्निहोत्री व ए. एल. खन्ना यांचा ‘प्रॉब्लेमटायझिंग इंग्लिश इन इंडिया’ (१९९७) हा ग्रंथ इंग्रजीचे समाजातील स्थान तपासतो.

एन.सी.ई.आर.टी.च्या इंग्रजी अध्यापनविषयक आधारपत्राने (२००६) समृद्ध भाषिक परिसर व सर्व विषयांतून भाषाविकास यांवर भर दिला. त्यामुळे या संशोधनाचा राष्ट्रीय अभ्यासक्रमाशी थेट संबंध जुळला (पहा : राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५).