सरासरीच्या खाली कोण?

'स्टॅटिस्टिक्स' म्हटलं की कॉमर्सच्या पोरांच्या पोटात गोळा येतो. मीन, मीडियन, मोड, मग स्टँडर्ड डेव्हिएशन, मग सॅम्पलिंग... परीक्षेपुरतं पाठ करायचं, पेपर झाला की विसरायचं. माझी एक मावसबहीण आमच्या वटारहून रोज कॉलेजला जाते, एफवायबीकॉमला आहे. तिने मागे विचारलं, "दादा, सरासरी समजली. पण हे प्रमाण विचलन काढून आजवर कुणाचं काय अडलंय नि सुटलंय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सूत्रात नाही, इतिहासात आहे. आणि गंमत म्हणजे तो इतिहास बराचसा सातारा जिल्ह्यातल्या दोन माणसांचा आहे.

आधी थोडी उजळणी. (ज्यांना येतं त्यांनी हा परिच्छेद खुशाल गाळावा!) समजा, वटारच्या दोन वाड्यांतून फुलं दादरच्या बाजारात जातात. पहिलीची तीन दिवसांची कमाई ४००, ५०० आणि ६०० रुपये. दुसरीची शून्य, ५०० आणि १०००. सरासरी दोघींची ५००च. पण प्रमाण विचलन काढा: पहिलीचं साधारण ८२, दुसरीचं ४०८. म्हणजे सरासरी सारखी असली तरी एका घरात रोज चूल पेटते आणि दुसऱ्या घरात एक दिवस उधारी. सरासरी आकडा सांगते, विचलन त्या आकड्यावर किती विसंबायचं ते सांगतं. झाली उजळणी.

आता मूळ गोष्ट. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्या काळी संख्याशास्त्राची पंढरीच ती. १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. तिथे त्यांच्यापुढे प्रश्न होता तो ऐकायला अगदी बाळबोध: देशात भात किती पिकतो?

तोवर हा आकडा बऱ्याच अंशी अंदाजपंचे ठरायचा. गावकामगाराने शेताकडे बघायचं आणि 'यंदा बारा आणे पीक' असं लिहून टाकायचं. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. धान्याचा आकडा चुकला तर काय होतं ते सगळ्यांना दिसलं. उपाय म्हणजे नमुना पाहणी. काही शेतं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडायची, प्रत्येकात ठरावीक मापाची चौकट आखायची, आतलं पीक कापून वजन करायचं.

पण चौकट केवढी? कोलकात्याचे महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्राचे भीष्माचार्य. त्यांचा कल लहान चौकटींकडे होता. वेळ वाचतो, त्याच खर्चात जास्त शेतं होतात. तर्क बिनतोड. सुखात्मे म्हणाले, लहान चौकटीत उत्पन्न फुगून दिसतं. का? चौकटीच्या दोरीवर जे रोप येतं ते आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. एक मीटर बाय एक मीटर चौकटीत क्षेत्र १ चौरस मीटर आणि कड ४ मीटर. १० बाय ५ मीटरच्या चौकटीत क्षेत्र ५० आणि कड फक्त ३०. म्हणजे दर चौरस मीटरमागे कड ४ वरून ०.६ वर आली! कड कमी, तर कडेवरची लबाडीही कमी. (लबाडी म्हणजे मुद्दाम केलेली नव्हे, हाताची सवय.) महालनोबिसांचं म्हणणं असं की माणसं नीट तयार केली तर लहान चौकटीही चालतात. सुखात्म्यांचा भर होता तो खात्यात आहेत त्याच कर्मचाऱ्यांकडून निभेल अशा पद्धतीवर.

हा वाद मला आवडतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच बघतो. मोजण्याच्या पद्धतीतच कल असेल तर डेटा दसपट केल्याने तो कल जात नाही. उलट चुकीचं उत्तर जास्त ठामपणे मिळतं. सॅम्पल साइज हे पूर्वग्रहावरचं औषध नव्हे. आणि हे जुनं प्रकरणही नाही बरं का. पीक विमा योजनेत महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरवायला आजही कापणी प्रयोग होतात, भाताला तीच १० बाय ५ मीटरची चौकट. तुमचं शेत बुडालं पण मंडळाची सरासरी तरली, तर हातात काय येणार हे वेगळं सांगायला नको.

सुखात्मे १९५२ च्या सुमारास रोमला गेले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत. जगात उपाशी किती, हे मोजायचं काम. निवृत्त होऊन ते पुण्यात आले, आणि इथे गाठ पडली दुसऱ्या सातारकराशी. वि. म. दांडेकर, जन्म १९२०, गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ, शिक्षणाने संख्याशास्त्रीच.

दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला सरासरी २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब. उत्तर आलं: खेड्यांत सुमारे ४० टक्के, शहरांत सुमारे ५० टक्के. देश हादरला.

सुखात्म्यांनी बोट ठेवलं ते नेमकं 'सरासरी'वर. समजा प्रत्येक माणूस आपल्या गरजेइतकंच, पोटभर जेवतो. तरी गरजा वेगवेगळ्या असल्यामुळे निम्मी माणसं गरजेच्या सरासरीखाली दिसणारच! त्यांना उपाशी म्हणायचं? शिवाय एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर जुळवून घेतं. म्हणून रेषा सरासरीवर नको, दोन प्रमाण विचलनं खाली हवी. विचलन सरासरीच्या १५ टक्के धरलं तर २२५० मधून ६७५ वजा, म्हणजे १५७५. रेषा एवढी खाली सरकली की उपाशी माणसांचा आकडा धाडकन उतरतो. एफवायच्या पुस्तकातलं तेच प्रमाण विचलन, इथे कोट्यवधी माणसांना यादीतून आत-बाहेर करत होतं.

दांडेकर ऐकून घेणारे थोडेच! त्यांचा मुद्दा असा की गरिबी आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली रेषा एकेकट्याच्या पोटाची नाही, घराच्या खर्चाची आहे. सी. गोपालन यांच्यासारखे आहारतज्ज्ञही सुखात्म्यांवर तुटून पडले: कमी खाऊन शरीर 'जुळवून घेतं' म्हणजे काम कमी करतं, वाढ खुंटते, त्याची किंमत कोण मोजणार?

मला विचाराल तर दोघांनीही एकाच तराजूची दोन पारडी दाखवली. रेषा सरासरीवर ठेवा, पुरेसं जेवणारेही भुकेले ठरतात. दोन विचलनं खाली ठेवा, जास्त गरज असलेला खरा उपाशी निसटतो. पुस्तकात याला टाइप वन आणि टाइप टू एरर म्हणतात. कोणती चूक परवडेल, हे कुठलंच सूत्र सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचं असतं. निदान रेशनच्या बाबतीत तरी मी पहिली चूक पत्करेन. चार पोटभरल्यांना धान्य गेलं तर पैसे जातात, एक उपाशी सुटला तर माणूस जातो.

पुढे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषा कॅलरींच्या खुंट्यावरून सोडवली. सुखात्मे आणि दांडेकर दोघेही तोवर गेले होते. रेषा नेमकी कुठे आखायची, हा वाद मात्र मिटलेला नाही.

तेव्हा कॉमर्सवाल्या मंडळींनो, उद्या नोकरीत कुणी सरासरी पगार, सरासरी खप, सरासरी परतावा असा एकच आकडा तोंडावर फेकला की तीन प्रश्न जरूर विचारा. चौकट कुणी आणि कुठे ठेवली? आकडे किती पसरलेत? आणि रेषा चुकली तर भुर्दंड कुणाला? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका.

तूर्तास इतकंच.