यंत्राचे कुंपण

जबलपूरचा तोफगाड्यांचा सरकारी कारखाना १९०४ सालचा. त्या काळच्या कारखान्यांतून छताखाली एक लांब शाफ्ट फिरत असे. त्यावरील चाकांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरत आणि एकेक यंत्र चालवीत. धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही पट्ट्यात सापडली की माणूस ओढला जाई, आणि एंजिन थांबेपर्यंत सारे आटोपलेले असे. अशा वेळी दोष कोणाचा? या प्रश्नाचे आजचे उत्तर मिळण्यास दीड शतक लागले.

आरंभी उत्तर सोपे होते: दोष कामगाराचा. इंग्लंडात १८३७ साली एका खाटकाच्या नोकराने मालकावर फिर्याद केली. अती ओझे लादलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. न्यायालयाने मालकाला मोकळे सोडले. धोका दिसत असेल तर नोकराने काम नाकारावे, असा त्या निर्णयाचा रोख होता. भुकेल्या माणसाने काम नाकारावे ही अपेक्षा न्यायमूर्तींना विचित्र वाटली नाही! पुढे त्यातूनच, चाकरी पत्करणारा तिच्यातले धोकेही पत्करतो, सोबत्याच्या चुकीचासुद्धा, असा सिद्धान्त रुजला आणि इंग्रजी कायद्याबरोबर तो हिंदुस्थानातही आला.

मुंबईत गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ साली आयोग नेमला गेला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्याचा मसुदा तयार केला आणि १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मत्सर होता, हे खरे; पण त्याने यंत्राभोवती कुंपण घालण्याचे बंधन प्रथमच मालकावर आले. मात्र तो शंभर किंवा अधिक माणसांच्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. वऱ्हाड-खानदेशातील जिनिंग कारखाने कापसाच्या हंगामापुरते चालत. त्यांतले कितीतरी सहजच त्याच्या कक्षेबाहेर राहिले. हंगामी कारखान्यांना कायदा लागू होण्यास १९११ साल उजाडावे लागले.

कुंपणाने अपघात टळेल. पण घडलेल्या अपघाताचे काय? हा प्रश्न मराठी माणसाने विचारला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांच्या लक्षात आहे, कारण ती १८९० साली पदरात पडली. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. अपघाताचा भार कारखान्याने उचलावा, हा विचार लोखंड्यांनी कायद्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी मांडला. त्यांच्या चरित्रात सुटीपेक्षाही या मागणीला मोठे स्थान मिळावयास हवे.

जबलपूर त्या वेळी मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. तेथे जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलने १८९५ साली कायद्याची वाट न पाहता अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ केला. सर्वांना बांधणारा नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९२३ साली झाला. आता मालकाची चूक सिद्ध करण्याचे कारण उरले नाही. तरीही पळवाट राहिली: कामगाराने मुद्दाम संरक्षक साधन काढले असेल, तर जखमेची भरपाई नाकारता येई. पण ते साधन तो का काढतो? नगावर मजुरी मिळणाऱ्याला झाकण अडथळा वाटते, आणि जादा माल हवा असलेला मुकादम तिकडे डोळेझाक करतो.

१९४८ च्या कायद्याने हे ओळखले. यंत्र चालू असेतोवर कुंपण मजबूत आणि जागच्या जागी असलेच पाहिजे, असे त्याच्या २१ व्या कलमात म्हटले होते. जबलपूरच्या दृष्टीने ११६ वे कलम अधिक मोलाचे. सरकारी कारखान्यांनाही तो कायदा लागू असल्याचे त्यात स्पष्ट केले होते. तोफगाड्यांचा कारखाना आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळा कारखाना, दोन्हींचा मालक सरकार. म्हणजे कायदा करणाराच कायद्याच्या कुंपणात आला. खमरियासारख्या ठिकाणी तर यंत्राच्या दात्याइतकीच ठिणगीही घातक असते.

३ डिसेंबर १९८४ च्या पहाटेपर्यंत भोपाळमध्ये जे घडले, त्याने मालकाची जबाबदारी कारखान्याच्या भिंतीबाहेर नेली. १९८६ च्या डिसेंबरात, दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घातक उद्योग चालवणाऱ्यास कोणतीही सबब चालणार नाही. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य जपणे हे कारखानदाराचे सर्वसाधारण कर्तव्य ठरले. आणि भोपाळचा खटला जबलपूरला आला. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने १९८७ च्या डिसेंबरात ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई फर्मावली होती; जबलपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सेठ यांनी ४ एप्रिल १९८८ रोजी ती रक्कम २५० कोटींवर आणली, परंतु कंपनीची जबाबदारी त्याच नव्या तत्त्वावर उभी केली. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे असतानाच, १९८९ च्या फेब्रुवारीत, ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली आणि तो मुद्दा निकालावाचून राहिला.