मोलकरणीची साक्ष



रहस्यकथेसारखा विषय व्याख्यानाच्या व्यासपीठावर यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. रहस्यकथा म्हणजे गाडीत वाचायची आणि उतरताना विसरायची चीज, असा समज आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगला होता. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेली एक कादंबरी वाचताना तो डळमळला, आणि त्या निमित्ताने इतिहासाची जी पाने उलटावी लागली, ती आज आपणांपुढे ठेवावयाची आहेत.

कादंबरीचे नाव 'द मेड'. लेखिका कॅनडातील नीता प्रोज. नायिका मॉली एका मोठ्या हॉटेलात खोल्या झाडूनपुसून लख्ख करणारी पंचविशीची मुलगी. आजीने वाढवलेली; आजी नुकतीच वारलेली. हिला समोरच्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही. कोणी हसले की ते आपल्यावर लोभ करतात, असे ती धरून चालते. एके दिवशी ती एका धनाढ्य पाहुण्याची खोली साफ करण्यास जाते, तो पाहुणा मरून पडलेला! मॉली जसे घडले तसे सांगते. पण तिची बोलण्याची तऱ्हाच अशी की पोलिसांना तीच संशयास्पद वाटते. शेवट सांगून टाकण्याचे पाप आम्ही करणार नाही. एवढेच कबूल करतो की, पहिली शंभर पाने आम्ही तिच्यावर चिडत होतो. "अगं, इतकी कशी भोळी तू?" असे मनात म्हणत होतो. मग ध्यानात आले की, आपण पोलिसांच्याच खुर्चीत बसलो आहोत.

ही खुर्ची फार जुनी आहे. १८१५ सालच्या लंडनमध्ये जाऊ. टर्नर नावाच्या कुटुंबात एलिझा फेनिंग ही विशीतली स्वयंपाकीण नोकरीस होती. २१ मार्च रोजी तिने पिठाचे उकडलेले गोळे केले. ते खाऊन घरातली माणसे कळवळू लागली. मेले कोणीच नाही. एलिझाने स्वतःही ते खाल्ले होते आणि तीही आजारी पडली होती. उंदरांसाठी आणलेला सोमल कचेरीच्या एका खणात असे. त्या खणाला कुलूप नव्हते, आणि चूल पेटवण्यास लागणारे रद्दी कागदही तिथेच असत. शिवाय मालकिणीने काही दिवसांपूर्वी तिची कानउघाडणी केली होती. झाले! संधी मिळाली, हेतू मिळाला, आरोपी तर घरातच होती. वैद्याने सांगितले की गोळे कापताना सुऱ्या काळ्या पडल्या, तेव्हा सोमलच असला पाहिजे. सोमलाने सुरी काळी पडत नाही. सोमल ओळखण्याची जेम्स मार्शची खात्रीची कसोटी निघाली १८३६ साली.

आणि ती स्वतः काय म्हणत होती? आपण निर्दोष आहोत, हेच शेवटपर्यंत. पण त्या काळच्या इंग्रजी कायद्यात अशा आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करण्याची मुभा नव्हती. ती मिळाली १८३६ साली. शपथेवर स्वतःची साक्ष देण्याचा सरसकट हक्क आरोपीस मिळाला, तो तर १८९८ साली. एलिझाला २६ जुलै १८१५ रोजी फाशी दिले. तिच्या प्रेतयात्रेला हजारो लोक लोटले. जिवंतपणी जिचे शब्द कोणी मानले नाहीत, तिच्या शवामागून लंडन चालले.

पुढे १८६० साली विल्टशायरमधील रोड या गावी एका सुखवस्तू घरातील लहान मुलाचा खून झाला. प्रथम कोणाला पकडले? मुलांना सांभाळणाऱ्या दाईला. लंडनहून आलेल्या व्हिचर या पोलीस अधिकाऱ्याने मालकाच्या मुलीवर संशय घेतला, तेव्हा लोक त्याच्यावरच उसळले. सभ्य गृहस्थाच्या कन्येवर आळ! १८६५ साली त्याच मुलीने गुन्हा कबूल केला. या प्रकरणातील हरवलेल्या रात्रवस्त्राचा धागा विल्की कॉलिन्सने १८६८ च्या 'मूनस्टोन'मध्ये उचलला. त्यातही रोझॅना ही मोलकरीण संशयाच्या छायेत वावरते आणि तिचे मन तिच्या मृत्यूनंतरच पत्रातून उलगडते.

विसाव्या शतकात वेगळीच गंमत झाली. १९२८ साली व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम सांगितले; त्यांत एक असा की, नोकराला गुन्हेगार करू नये. वरवर ही दया वाटेल. पण कारण पाहा: नोकरावर कोणाचाही संशय सहज जातो, आणि खुनी कसा तोलामोलाचा माणूस हवा! म्हणजे नोकराला खुनी होण्याचीही प्रतिष्ठा नाही. राहिले एक काम, बळी जाण्याचे. अगाथा ख्रिस्तीच्या १९५३ सालच्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मधली ग्लॅडिस ही अशीच भाबडी मोलकरीण. एका तरुणावर विश्वास टाकते आणि प्राणास मुकते. तिला हाताशी धरून कामाला तयार केलेल्या मिस मार्पल मात्र तिच्यासाठी संतापून उठतात, आणि त्या कादंबरीला खरी धार तिथेच येते.

या साऱ्या ओळीत मॉलीला उभी करून पाहा. एलिझाला बोलू दिले नाही. रोझॅना मेल्यावर बोलली. ग्लॅडिससाठी दुसरे कोणी बोलले. मॉली स्वतः, पहिल्या पानापासून, 'मी' म्हणून बोलते. खोल्या झाडणारीने कथा सांगायची आणि आपण ऐकायची, इथवर यायला दोनशे वर्षे लागली.

भोळेपणा हा गुन्हा नव्हे, हे आपण सारेच मान्य करू. पण घरातली अंगठी सापडेनाशी झाली म्हणजे आपली नजर प्रथम कोणाकडे वळते? आज घरी गेल्यावर ज्याने त्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.