ड्रिफ्टवुड (मत्स्यालय)

ड्रिफ्टवुड म्हणजे पाण्यातून वाहत आल्यामुळे किंवा दीर्घकाळ पाण्यात पडून राहिल्यामुळे साल व कोवळा भाग झडून गेलेले लाकूड. घरगुती मत्स्यालयात ते शोभेसाठी, माशांना आडोसा म्हणून आणि जावा मॉससारख्या पाणवनस्पती बांधण्यासाठी ठेवतात. बाजारात 'सकर' या नावाने विकले जाणारे मासे त्यावर वाढणारा शेवाळाचा थर खरवडून खातात. खानदेशात तापी व तिच्या उपनद्यांच्या काठी पुरानंतर असे लाकूड आढळते. मात्र ते प्रक्रिया केल्याशिवाय टाकीत ठेवण्यायोग्य नसते.

आढळ व कायदेशीर स्थिती

पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा, अनेर या उपनद्या सातपुडा, सह्याद्री व अजिंठ्याच्या डोंगररांगांकडून पावसाळ्यात फांद्या, मुळे व ओंडके वाहून आणतात. पाणी ओसरल्यावर ते चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमासारख्या ठिकाणी, तसेच नदीच्या वळणांवर अडकलेले दिसतात.

वाहून आलेले लाकूड बेवारस असते, हा समज चुकीचा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम ४५ नुसार वाहत आलेले, काठाला लागलेले किंवा बुडालेले इमारती लाकूड, कोणी त्यावर आपला हक्क सिद्ध करेपर्यंत, शासनाची मालमत्ता मानले जाते; काही प्रकारांना सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. यावल अभयारण्य (जळगाव) आणि अनेर धरण अभयारण्य (धुळे) यांच्या हद्दीतून लाकूड उचलण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे निर्बंध लागू होतात. त्यामुळे स्थानिक वन कार्यालयात विचारणा करणे, किंवा शेताच्या बांधावरील स्वतःच्या वाळलेल्या झाडाचे मूळ वापरणे अधिक सोयीचे ठरते. मत्स्यालयाच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही, कारण लाकूड वाहून आले की नाही यापेक्षा ते पूर्ण वाळलेले व कठीण आहे की नाही हे महत्त्वाचे असते.

लाकडाची निवड

सातपुड्यातील अंजन हे भारतातील सर्वांत जड लाकडांपैकी एक असून त्याच्या गाभ्याचे लाकूड पाण्यात बुडते. बाभळीचे लाकूडही टिकाऊ असते, परंतु तिची साल पूर्ण काढावी लागते. कातडी कमावण्यासाठी ही साल वापरली जाते ती तिच्यातील टॅनिनमुळेच, आणि हेच टॅनिन टाकीतील पाणी तपकिरी करते. करंज व शेर यांचा उपयोग मासे गुंगवून पकडण्यासाठी परंपरेने होत आला आहे. ही झाडे, तसेच कडुनिंब, रुई व कण्हेर मत्स्यालयासाठी वर्ज्य समजावीत. झाड ओळखता येत नसेल तर ते लाकूड न वापरणेच योग्य.

कापूस व केळीच्या शेतांलगतच्या नाल्यांतील लाकडात कीटकनाशके मुरलेली असू शकतात. ती उकळल्याने निघून जातील याची खात्री नसते. समुद्रकाठच्या लाकडात मीठ मुरलेले असते, म्हणून कोकणातून आणलेल्या लाकडाला अधिक काळ भिजवावे लागते.

प्रक्रिया

प्रथम साल, माती व मऊ पडलेला भाग सुरीने आणि ताठ ब्रशने काढतात. साबण किंवा डिटर्जंट वापरत नाहीत, कारण ते लाकडात शोषले जातात. त्यानंतर लाकूड उन्हात वाळवतात. खानदेशातील कडक उन्हाळा या कामी उपयोगी पडतो, तरी मनगटाहून जाड ओंडक्याच्या आत ओल राहते व त्याला कित्येक महिने लागू शकतात.

वाळलेले लाकूड मोठ्या पातेल्यात एक-दोन तास उकळून पाणी फेकून देतात आणि पाण्याचा रंग फिका होईपर्यंत हे पुन्हा करतात. उकळल्याने कीटक, त्यांची अंडी व बहुतेक सूक्ष्मजीव मरतात आणि आतील हवा निघू लागते. पातेल्यात न मावणारे लाकूड पिंपात बुडवून, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत, काही आठवडे ठेवतात. तरीही ते तरंगत असल्यास काळ्या बसाल्ट दगडाला बांधतात. शहाबादी किंवा कडप्पा फरशी मात्र टाळतात. दोन्ही चुनखडकाच्या असल्यामुळे पाण्याचा जडपणा वाढवू शकतात.

टाकीतील परिणाम

टॅनिनमुळे पाण्याचा सामू उतरतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. खानदेशातील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यातील बायकार्बोनेट आम्लाला उदासीन करत असल्याने एखाद्या ओंडक्याने सामूत फारसा फरक पडत नाही. तपकिरी रंग नको असल्यास पाणी अंशतः बदलतात किंवा गाळणीत सक्रिय कोळसा घालतात.

पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. तो बुरशी व जिवाणूंचा असून सहसा निरुपद्रवी असतो. गोगलगायी तो खातात आणि कालांतराने तो आपोआप नाहीसा होतो.

खरा धोका अर्धवट वाळलेल्या लाकडाचा असतो. त्यातील रस कुजताना जिवाणू पाण्यातील ऑक्सिजन वापरतात. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३२ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ व धुळे येथे घरातील टाकीचे पाणी सहज इतके तापते, आणि हिवाळ्यात निर्धोक वाटलेला ओंडका तेव्हा मासे दगावण्यास कारणीभूत ठरू शकतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, पाणी गढूळ झाले किंवा लाकडाला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर लाकूड तत्काळ बाहेर काढून, काही पाणी बदलून, हवेचा पंप सुरू ठेवतात.