महानदीच्या खोऱ्यातील नाणी

भिलाईचे नाव उच्चारताच पोलादाच्या भट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परंतु या भूमीने धातू पाहिला तो तेव्हा प्रथम नव्हे. जुना दक्षिण कोसल तो हाच प्रदेश, आणि त्याचा बराचसा इतिहास नाण्यांच्या रूपाने मातीत पडून होता.

बिलासपूर जिल्ह्यातील चकरबेडा येथे रोमन सम्राटांची सोन्याची नाणी सापडली आहेत. समुद्रापासून इतक्या दूर ती कशी आली, हा प्रश्न साहजिक आहे. हिंदुस्थान आमच्या साम्राज्यातून दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने केली होती. हे सोने बंदरांतून व्यापारी मार्गांनी आत आले. येथे त्याची किंमत वजनावर ठरे. त्याचा दागिनाही होई. मराठवाड्यातील तेर येथे तर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. त्या गळ्यात घालण्यासाठी होत्या. असे नाणे हाती आल्यास मुखवट्याभोवतीची अक्षरे प्रथम वाचावी. सम्राटाच्या नावामागून त्याच्या पदव्या येतात, आणि ‘त्रिबुनिचिया पोतेस्तास’ या अधिकारपदापुढे वर्षाचा आकडा असल्यास नाण्याचा काळ फार जवळून ठरविता येतो.

स्पेनच्या चांदीची कथा याहून निराळी आहे. १५४५ मध्ये अमेरिकेतील पोतोसीच्या खाणींचा शोध लागला व पुढे तेथील चांदी युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेस येऊ लागली. मोगली मुलखात परक्या नाण्यास चलन नव्हते. ते टांकसाळीत वितळवून त्याचा रुपया पाडीत. म्हणून रोमन नाणी तुलनेने थोडी येऊनही मातीत टिकली, आणि स्पॅनिश रियाल अफाट प्रमाणात येऊनही रुपयात विरून गेले. १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांचा अंमल रतनपुरास होता. त्या काळी या भागात फिरणाऱ्या रुपयांत पोतोसीची चांदी मुळीच नसेल असे कोणी सांगावे? क्वचित एखादा आठ रियालांचा तुकडा शाबूत आढळतो. त्यावर दोन स्तंभांमध्ये पृथ्वीचे गोल असतील तर तो १७३२ ते १७७२ या काळातला, आणि राजाचा मुखवटा असेल तर सामान्यतः त्यानंतरचा समजावा. ‘एम्’ या अक्षराच्या डोक्यावर लहानसे वर्तुळ असल्यास ती मेक्सिकोची टांकसाळ होय.

तथापि आम्हांस सर्वांत मोलाची वाटतात ती येथलीच नाणी. १९३९ मध्ये बस्तरातील कोंडागाव तहसिलीत एडेंगा येथे सोन्याची ३२ नाणी निघाली. पातळ पत्र्यावर उठाव काढलेली, एकाच बाजूस चित्र असलेली ही नाणी; त्यांवर बसलेला वशिंडाचा बैल, चंद्रकोर आणि पेटिकाशीर्षक लिपीत राजाचे नाव. नागपूरचे विद्वान वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती वाचली. वराहराज, भवदत्त व अर्थपती हे नल वंशातील तीन राजे त्यांतून पुढे आले. भवदत्ताचे नाव विदर्भातील ऋद्धपूरच्या ताम्रपटावरून आधीच ठाऊक होते. त्याचे दान नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळील वाकाटकांच्या जुन्या राजधानीहून दिलेले आहे. परंतु वराहराजाचे नाव या नाण्यांखेरीज कोठेही नाही. एडेंग्याचे ते सोने एखाद्या सोनाराच्या मुशीत गेले असते, तर हा राजा इतिहासातून कायमचा नाहीसा झाला असता.

‘श्रीमहेंद्रादित्य’ अशी अक्षरे व गरुडाचे चित्र असलेल्या नाण्यांचीही गोष्ट अशीच. ही पदवी गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताची. म्हणून ती त्याचीच नाणी, असे काहींनी मानले. पण ती मिळतात छत्तीसगडात व लगतच्या ओडिशात. ती शरभपुरीय वंशातील स्थानिक राजाची, या मताचा मोठा आधार म्हणजे हे सापडण्याचे ठिकाण. बाजारातून आणलेल्या नाण्याची ही साक्ष पुसलेली असते.

येथे नोकरीनिमित्त आलेल्या आपणां मराठी अधिकाऱ्यांचा या गोष्टीशी संबंध आहे तो एवढ्याचसाठी. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये, दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. पाया खणताना वा शेत नांगरताना मडके फुटले, की बातमी प्रथम पोहोचते ती तहसीलदाराकडे, ओव्हरसियरकडे किंवा ठाणेदाराकडे. त्याने नाणी चिंचेने घासू देऊ नयेत, त्यांची वाटणी होऊ देऊ नये. गाव, शिवार, मडक्याची खोली आणि नाण्यांची संख्या त्याच दिवशी लिहून ठेवावी. बदलीचा हुकूम आज ना उद्या येणारच. पण त्या चार ओळींचे टिपण दप्तरात राहिले, तर पुढे एखाद्या वराहराजाचे राज्य त्यावरून उभे करता येईल.