‘पाव’ पोर्तुगीज, पण ‘पावशेर’ नाही : सारख्या दिसणाऱ्या शब्दांचं नातं कसं ओळखायचं?

मुंबई-गोवा महामार्गावर पेण ओलांडून कोलाडच्या दिशेनं निघालं की रोहा तालुक्यातलं खांब गाव लागतं. ‘पेण’ वाचून इंग्रजी ‘पेन’ आठवतो आणि ‘खांब’ ऐकून ‘कॅम्प’. पण दोन्हीकडे नातं शून्य. इंग्रजी ‘पेन’ लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पिसावरून आला, कारण पूर्वी पिसानं लिहायचे. ‘कॅम्प’च्या मुळाशी लॅटिन ‘कांपुस’ म्हणजे मैदान आहे. आपला ‘खांब’ आला संस्कृत ‘स्कंभ’पासून.

सोशल मीडियावर अशा जोड्यांच्या याद्या सतत फिरतात आणि त्यावरून ‘अमुक भाषा तमुक भाषेतून निघाली’ असे दावे केले जातात. प्रत्यक्षात शब्द सारखे दिसण्याची तीन मुख्य कारणं असतात.

१. एकाच घरातले शब्द

कोलकात्यात १७८६ साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एकच असावं, असं मांडलं. अभ्यासक या कुटुंबाला आज इंडो-युरोपियन म्हणतात. इथं पुरावा असतो तो नियमित ध्वनिबदलाचा. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, इंग्रजी ‘फादर’. संस्कृत ‘पाद’, लॅटिन ‘पेदिस’, इंग्रजी ‘फूट’. म्हणजे जिथं संस्कृत-लॅटिनमध्ये ‘प’ आहे, तिथं इंग्रजीत ‘फ’. एकच जोडी जुळली तर तो योगायोग असू शकतो, अनेक जोड्या एकाच नियमानं जुळल्या तर ते नातं.

२. उसने घेतलेले शब्द

पोर्तुगीजांबरोबर मराठीत बटाटा, साबण, पगार, चावी असे कितीतरी शब्द आले. ‘चावी’चं मूळ लॅटिन ‘क्लाविस’. त्याचं इटालियनमध्ये ‘क्यावे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’ झालं. आजचे पोर्तुगीज ‘शाव्ह’ म्हणतात, पण सोळाव्या शतकातला त्यांचा ‘च’ मराठीनं जपून ठेवला.

खाण्याचा पावही तसाच, लॅटिन ‘पानिस’वरून पोर्तुगीजमार्गे आलेला. ‘पावशेर’मधला पाव मात्र संस्कृत ‘पाद’, म्हणजे चौथा भाग. फ्रेंचमध्ये ब्रेडला ‘पँ’ म्हणतात आणि त्याचं स्पेलिंग इंग्रजी ‘पेन’, म्हणजे वेदना, या शब्दासारखंच आहे. तरी वेदनेचा ‘पेन’ लॅटिन ‘पोएना’ म्हणजे शिक्षा या शब्दातून आलाय.

३. निव्वळ योगायोग

फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थही तोच, पण संबंध काहीही नाही. गंमत म्हणजे ‘बदनाम’मधलं ‘नाम’ आणि इंग्रजी ‘नेम’ खरोखर एकाच कुळातले. म्हणजे एकाच शब्दात अर्धा योगायोग, अर्धं नातं!

नातं असलं तरी अर्थ तोच असेल असं नाही

पोर्तुगालमध्ये दारावर ‘पुश’सारखा ऐकू येणारा शब्द लिहिलेला दिसला, तर दार ओढायचं असतं. पोर्तुगीज ‘पुशार’ म्हणजे ओढणं आणि इंग्रजी ‘पुश’ म्हणजे ढकलणं. दोघांचं मूळ मात्र एकच, लॅटिन ‘पुल्सारे’. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. मुळात अर्थ होता ‘दिलेली गोष्ट’.

कोर्लईत आजही ऐकू येणारा पुरावा

रायगडमध्येच मुरुड तालुक्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. पण तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून घडलेली आपली बोली सोडली नाही. ती बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं.

बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात. इंग्रजीच्या सवयीनं ‘नो’ म्हणजे ‘नाही’ वाटेल आणि मराठीच्या सवयीनं ‘लिंग’चा अर्थ वेगळाच लागेल. पण ‘नो’ म्हणजे ‘आमची’ आणि ‘लिंग’ म्हणजे ‘भाषा’, लॅटिन ‘लिंग्वा’वरून. नुसत्या दिसण्यावर गेलं, तर ‘आमची भाषा’ एवढा साधा अर्थही हातातून निसटतो.

म्हणून अशी यादी पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी तपासा : त्या शब्दाचं सगळ्यात जुनं रूप काय होतं, आणि तोच ध्वनिबदल इतर शब्दांतही दिसतो का?