चर्चनं घरं बांधली, सुपरमार्केटही आणलं; हार्लेमचं पुढे काय झालं?

न्यूयॉर्कमधलं हार्लेम ही कृष्णवर्णीय अमेरिकन संस्कृतीची राजधानी मानली जाते. पण १९८० च्या दशकात तिथल्या अनेक इमारती ओस पडल्या होत्या. हे चित्र बदलण्यात अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चचा मोठा वाटा होता.

चर्च कसं सुरू झालं?

१८०८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवलं जायचं. हे अमान्य असलेले लोक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचं चर्च स्थापन केलं. अ‍ॅबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव. १९२३ पासून हे चर्च हार्लेममधल्या १३८ व्या रस्त्यावर आहे. इथले पाद्री अ‍ॅडम क्लेटन पॉवेल ज्युनियर १९४४ मध्ये अमेरिकी संसदेवर निवडून गेले.

वस्ती का ढासळली?

बँका कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये कर्ज द्यायला नकार द्यायच्या. घरमालकांनी दुरुस्ती थांबवली, मालमत्ता कर थकवला आणि इमारती सोडून दिल्या. थकबाकीपोटी त्या महापालिकेच्या ताब्यात आल्या. ज्यांना परवडत होतं ते दुसरीकडे राहायला गेले.

चर्चनं काय केलं?

१९८९ मध्ये 'अ‍ॅबिसिनियन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' ही वेगळी ना-नफा संस्था सुरू झाली. त्याच वर्षी कॅल्विन बट्स मुख्य पाद्री झाले. एवढं मोठं काम फक्त दानपेटीतल्या पैशांवर होणं शक्य नव्हतं. पण लोकांचा विश्वास आणि राजकीय वजन चर्चकडे होतं. त्या जोरावर सरकारी निधी आणि खासगी गुंतवणूक मिळाली. पडक्या इमारतींच्या जागी परवडणारी घरं उभी राहिली.

१९९३ मध्ये थर्गुड मार्शल अकॅडमी ही शाळा सुरू झाली. १९९९ मध्ये १२५ व्या रस्त्यावर 'पाथमार्क' सुपरमार्केट उघडलं. छोट्या किराणा दुकानदारांनी त्याला विरोध केला होता, कारण त्यांचा धंदा बसण्याची भीती होती. पण ताजी भाजी आणि फळं आता घराजवळ मिळू लागली.

मग अडचण कुठे आली?

वस्ती सुधारली तशा जागांच्या किमती आणि भाडी वाढली. नवे, श्रीमंत रहिवासी आले. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांनाच तिथे राहणं महाग पडू लागलं. दुसरीकडे संस्थाही आर्थिक अडचणीत आली. २०१४ मध्ये पाथमार्कची जागा बिल्डरला विकली गेली आणि पुढच्याच वर्षी सुपरमार्केट बंद झालं. ऐतिहासिक रेनेसाँ बॉलरूमही संस्थेला विकावा लागला. या विक्रीवरून स्थानिकांनी चर्चवर टीकाही केली.

बट्स यांचं २०२२ मध्ये निधन झालं. संस्थेनं उभारलेली अनेक घरं आणि ती शाळा आजही आहे. ओसाड वस्ती पुन्हा उभी करता येते, हे हार्लेमनं दाखवलं. पण जमीन आणि घरांचे दर हाताबाहेर गेले, तर जुन्या रहिवाशांना तिथे टिकवून ठेवणं त्याहून कठीण असतं.